मास्तरांचं साधं पान

मास्तर कीबोर्डला हात लावण्याआधी आख्खा प्रोग्रॅम कागदावर पेन्सिलीने लिहीत आणि मग उभे राहून तो मोठ्याने वाचत. नुसता वाचत नसत, स्वतःशी भांडत वाचत. "इथे माणसाने काहीच लिहिलं नाही आणि पुढे गेला, तर? काय करशील? बोल की आता!" असं दरडावून विचारत आणि जरा थांबून, खालच्या आवाजात, स्वतःच उत्तर देत. ऑफिसात नवीन आलेल्याला वाटे, मास्तर कुणाला तरी झापतायत. पहिल्या दिवशी मलाही तसंच वाटलं आणि मी घाबरून खुर्चीवरून उठून उभा राहिलो.

"तू बस रे," मास्तर म्हणाले. "तुझ्यावर ओरडायला अजून अवकाश आहे."

कागद म्हणजे तरी कसला? दोन्ही कडांना भोकं असलेला, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, घडीवर घडी घातलेला. मास्तर आधी एका कापड गिरणीच्या कॉम्प्युटर खात्यात होते. वडील त्याच गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, आणि हे वरच्या मजल्यावर थंडगार खोलीत, त्याच वडिलांची हजेरी आणि पगारपत्रक छापत. गिरणी बंद पडली तेव्हा लोकांनी खुर्च्या नेल्या, पंखे नेले. मास्तरांनी कागदाचे सहा खोके मागून घेतले. मास्तर हे नावही तिथलंच. गिरणीत खात्यातल्या मुख्य माणसाला मास्तर म्हणत, आणि गिरणी गेली तरी नाव राहिलं. चाळिशी उलटल्यावर त्यांनी झेरॉक्स काढलेल्या पुस्तकांवरून इंटरनेटचं सगळं शिकून घेतलं आणि आमच्या ऑफिसात आले. ऑफिस परळला, दुसऱ्या एका बंद गिरणीच्या आवारात होतं. "मी कुठे गेलोच नाही," ते म्हणायचे. "फाटक तेवढं बदललं."

इंटरनेट नवीन होतं. वेबसाइट म्हणजे काय हे गिऱ्हाइकाला माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही नुकतंच कळलं होतं. पण ती कुठल्या कॉम्प्युटर-भाषेत लिहावी यावरून मात्र आमची डोकी फुटायचीच बाकी होती. मास्तर पर्लमध्ये लिहीत. आम्ही चौघं तरुण जावावाले. पर्लचा प्रोग्रॅम बघितला तर पानावर मुंग्या फिरल्यासारखा दिसतो. नुसती टिंबं, डॉलर आणि तिरप्या रेघा. मास्तरांच्या मॉनिटरसमोरून जाताना आम्ही म्हणायचो, "मास्तर, पावडर मारा, वारूळ झालंय."

मास्तर हसायचे. "तुमच्या जावात नुसतं नमस्कार म्हणायचं तरी आधी निमंत्रणपत्रिका छापायला टाकावी लागते."

डबे खायलासुद्धा आम्ही चौघं वेगळ्या टेबलावर बसायचो. मास्तर एकटे पलीकडे, कामवाल्या मावशींबरोबर. आज माझ्या हाताखाली बरीच माणसं आहेत आणि तीही अशीच भांडतात. भाषांची नावं बदललीत, तावातावाने बोलणं तेच. मी त्यांना काही सांगत नाही. सांगायचा हक्क मी कसा घालवला, तेच आज लिहायला बसलोय.

माझं नाक मात्र त्या वेळी फार वर होतं. गिरगावात दोन खोल्यांत वाढलेला मुलगा, दादरच्या क्लासला जाऊन जावाचं सर्टिफिकेट घेतलेलं. आईने ते फ्रेम करून देव्हाऱ्याच्या वर लावलं होतं, त्यामुळे देवाला नमस्कार करणारा प्रत्येक पाहुणा आधी माझे मार्क वाचायचा. अशा माणसाला पेन्सिलीने प्रोग्रॅम लिहिणारे मास्तर हे म्युझियममधून सुटून आलेले वाटले, तर नवल नाही.

मास्तरांच्या अनेक तऱ्हांमधली मला सर्वांत खटकणारी तऱ्हा म्हणजे मावशींची परीक्षा. मावशी आमच्या ऑफिसात केर काढायच्या, चहा करायच्या. मालवणकडच्या, लालबागला राहणाऱ्या. प्रोग्रॅम पुरा झाला की मास्तर त्यांना हाक मारून आपल्या खुर्चीवर बसवत.

"माका काय कळता ह्यातला?" मावशी पदराला हात पुसत म्हणायच्या.

"कळत नाही म्हणूनच बोलावलंय. काय वाट्टेल ते दाबा."

"आणि मोडला तर?"

"मोडायलाच बसवलंय तुम्हाला."

मग मावशी दाबायच्या. वयाच्या रकान्यात नाव, नावाच्या रकान्यात काहीच नाही, तारखेत नुसती शून्यं. मास्तरांचा प्रोग्रॅम नम्रपणे सांगायचा, वय आकड्यात लिहा. एकदा मास्तरांनी मावशींना माझ्या प्रोग्रॅमपुढे बसवलं. तिसऱ्याच बटणाला तो गप्प झाला, तो झालाच. मावशी बिचाऱ्या कावऱ्याबावऱ्या झाल्या आणि मी भडकलो. म्हटलं, "मास्तर, ह्या कुठे हे वापरणार आहेत?"

"ह्या नाहीत," मास्तर म्हणाले. "पण ह्यांचीच बहीण वापरणार."

सहा डिसेंबरला मास्तर रजा घेत. आदल्या दिवसापासून दादरला, शिवाजी पार्कजवळ, एका टेबलामागे ते बसत. गावोगावाहून आलेली माणसं चुकतात, बरोबरची माणसं हरवतात, कुणाला पाण्याची जागा हवी असते, कुणाला परतीची गाडी. मास्तर वर्षानुवर्षं त्यांना वाट दाखवायचं काम करत. मी एकदा तिथून जाताना त्यांना पाहिलं. एका म्हाताऱ्या बाईला ते दादर स्टेशनचा रस्ता सांगत होते. उजवीकडे, डावीकडे असं नाही, तर "पिवळी भिंत संपली की" असं. तिला उजवं-डावं सांगून उपयोग नाही हे त्यांनी तिच्या पहिल्या वाक्यावरून ओळखलं होतं. ते बघून माझ्या डोक्यात काही प्रकाश पडायला हवा होता. पडला नाही.

मग ते धर्मशाळेचं काम आलं.

परळच्या हॉस्पिटलांत गावाहून येणारे पेशंट आणि त्यांच्याबरोबरची माणसं राहतात कुठे, हे त्या भागातल्या फुटपाथवर रोज दिसतं. एका जुन्या ट्रस्टची तिथे तीन मजली धर्मशाळा होती. खोली हवी तर मुंबईला येऊन रांगेत उभं राहावं लागे, आणि नंबर लागेपर्यंत मुक्काम फुटपाथवर. ट्रस्टच्या मनात आलं, लोकांना गावाहूनच सायबर कॅफेतून अर्ज करता आला तर? खोली मिळाल्याचं कळलं की मगच घरातून निघा. ट्रस्ट आमच्या साहेबांकडे आला. साहेब नुकतेच परदेशातून परतलेले, त्यांना स्पर्धा लावायची हौस. त्यांनी मास्तरांना आणि मला, दोघांनाही सांगितलं, आपापल्या पद्धतीने करा, ट्रस्टला आवडेल ते घेऊ. आणि जाता जाता हेही म्हणाले, की ह्यापुढे ऑफिसात एकच पद्धत राहील. म्हणजे मास्तर हरले तर त्यांना तिथे काम उरणार नव्हतं. हे मला माहीत होतं, मास्तरांना माहीत होतं, मावशींनासुद्धा माहीत होतं.

जावाची खुबी ही, की पानाच्या आत एक छोटा चालता-बोलता प्रोग्रॅम बसवता यायचा. मी धर्मशाळेचा नकाशा केला. तीन मजले, प्रत्येक खोली रंगवलेली. रिकामी ती हिरवी, भरलेली ती लाल. हव्या त्या खोलीवर क्लिक करा, अर्ज भरा, खोली तुमची. अजूनही सांगतो, तो नकाशा देखणा होता. फक्त तो आधी समोरच्या माणसाच्या कॉम्प्युटरवर उतरावा लागे आणि उतरेपर्यंत पानावर नुसता राखाडी चौकोन दिसे. आमच्या ऑफिसात तो क्षणात उतरायचा. त्यामुळे राखाडी चौकोन नावाची काही चीज असते, हे मी विसरूनच गेलो होतो.

मास्तरांनी केलं ते साधं पान. चित्र नाही, रंग नाही. सात प्रश्न आणि खाली एक बटण. सातवा प्रश्न होता, पेशंट जिना चढू शकतो का? मी तो वाचून हसलो. म्हटलं, मास्तर, ही वेबसाइट आहे की केसपेपर?

ट्रस्टला काम दाखवायच्या डेमोला चार दिवस होते तेव्हा मास्तर रविवारी एसटीने चिपळूणला गेले. कुणी सांगितलं नव्हतं. तिथल्या एका सायबर कॅफेत दिवसभर बसले आणि सोमवारी सकाळी स्टँडवरून थेट ऑफिसात आले. पिशवीत मावशींसाठी सुकट. तिच्या वासाने साहेबांनी खिडक्या उघडायला लावल्या. जेवणाच्या सुट्टीत मास्तर माझ्या टेबलाशी आले आणि हिरव्या पट्ट्यांचा एक कागद माझ्यासमोर ठेवला.

"तुझं पण तपासून आलोय," ते म्हणाले.

कागदावर त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: माझं पान, पाऊण मिनिटात उघडलं, अर्ज गेला, पोच आली. आणि त्याखाली: तुझं पान, राखाडी चौकोन. एक चहा. राखाडी चौकोन. दुसरा चहा. लाइट गेली. लाइट आली. राखाडी चौकोन. कॅफेवाला विचारतो, मास्तर, मशीन बिघडलं का?

"साहेबांना दाखवलंत?" मी विचारलं.

"छे. आधी तू बघ. असं कर, नकाशाच्या आधी एक साधं पान दे. ज्याचा नकाशा उघडेल तो नकाशा बघेल, ज्याचा नाही उघडणार तो साध्या पानावर अर्ज भरेल. एका दिवसाचं काम आहे. मी बसू का तुझ्याबरोबर?"

"मी बघतो, मास्तर," मी म्हटलं.

एका दिवसाचंही काम नव्हतं ते, अर्ध्या दिवसाचं होतं. पण साधं पान लावलं की ते मास्तरांचंच पान झालं असतं. मग आमच्या टेबलावरची तिघं काय म्हणाली असती? जावावाल्याने शेवटी पर्लवाल्याची वाट धरली, असंच ना? मी तो कागद खणात टाकला आणि त्या अर्ध्या दिवसात नकाशातल्या खोल्यांना दारं काढली. दार उघडतानाचा आवाजही बसवला. लिहायलाही लाज वाटते, पण तेव्हा त्या आवाजावर मी फार खूश होतो.

डेमो ट्रस्टच्या हॉलमध्ये झाला. आधी मास्तरांनी आपलं पान दाखवलं. सात प्रश्न, एक बटण, संपलं. विश्वस्तांनी माना हलवल्या. मग मी नकाशा उघडला आणि हॉलमध्ये "वा!" झालं. एका वयस्कर विश्वस्तांनी माउस मागून घेतला आणि पहिल्या मजल्यावरची खोली स्वतः लाल केली. दार वाजलं तेव्हा ते लहान मुलासारखे हसले.

त्यांच्यात एक बाई होत्या, निवृत्त नर्स. त्या एकट्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "सगळं छान आहे हो, पण आमच्या कोकणात हे उघडेल ना?"

"चिपळूणला सायबर कॅफेत जाऊन तपासलंय, मॅडम," मी म्हणालो. "आमचे मास्तर स्वतः गेले होते."

हे वाक्य मी ठरवून आणलेलं नव्हतं. ते आपसूक तोंडात आलं आणि आलं तेव्हा मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं, कारण त्यात एक शब्द खोटा नव्हता. बाईंनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं.

"गेलो होतो," मास्तर म्हणाले. "रविवारी."

आणि ते थांबले. माझ्याकडे बघत थांबले. पुढचं मी सांगेन, म्हणून. मी नकाशाचा तिसरा मजला उघडला.

त्या क्षणाचा मी आजवर शंभर वेळा विचार केलाय. त्यांना बोलायला कुणी अडवलं होतं? एक वाक्य पुरे होतं, आणि त्यांची नोकरी राहिली असती. पण चार लोकांसमोर ते मला खोटं पाडायला तयार नव्हते. पुढे नोकरीसाठी दिलेल्या मुलाखतींत "आम्ही तर चिपळूणला जाऊन तपासायचो" हे वाक्य मी बिनदिक्कत वापरलं. लोकांना ते फार आवडायचं.

हॉलमधून बाहेर पडल्यावर फाटकापाशी मास्तरांनी मला गाठलं. "तिसरा मजला छान उघडलास," ते म्हणाले. मग त्यांचा आवाज बदलला. "झालं ते झालं. मी साहेबांकडे जाणार नाही. पण लोकांचे अर्ज सुरू व्हायच्या आत साधं पान लाव. माझंच घे, तयार आहे. माझं नाव नको घालूस कुठे."

"लावतो, मास्तर."

ट्रस्टने नकाशा निवडला, आणि दोन महिन्यांनी मास्तर ऑफिस सोडून गेले. समोसे, पेढे आणि साहेबांचं छोटं भाषण झालं. उरलेला कागदाचा दीड खोका त्यांनी खांद्यावर घेतला. मावशी रडल्या. "आता माका बटाणां दाबूक कोण बोलवतलो?" असं म्हणाल्या, त्यावर सगळे हसले. दारातून मास्तर परत वळून माझ्याकडे आले आणि विचारलं, "लावलंस का पान?"

"ह्या आठवड्यात," मी म्हणालो.

अर्ज सुरू झाले. मुंबईतूनच गावाकडच्या नातेवाइकांसाठी लोक भरू लागले. पुणे, नाशिक. कोकणातून एकही नाही. मी ते बघत होतो आणि बघत नव्हतो. आणि मग अचानक एका सकाळी कोकणातले वीस अर्ज आले. दुसऱ्या दिवशी अठरा. चिपळूण, खेड, गुहागर, दापोली. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "बघ, पोचलं की नाही कोकणात!" माझा पगार वाढला.

कुठला अर्ज कुठल्या कनेक्शनवरून आला, त्याचा आकडा सर्व्हरच्या नोंदीत पडतो. मी नोंद उघडली. सगळेच्या सगळे एकाच कनेक्शनवरून, तेही मुंबईतल्या. मग अर्ज वाचले. तेव्हा मराठी टाइप करणं जमायचं नाही, लोक इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत. प्रत्येक अर्जाच्या शेवटी, पत्त्याच्या रकान्यात, जागा नसताना कोंबून एक वाक्य लिहिलेलं होतं. पेशंट जिना चढू शकतो. पेशंट जिना चढू शकत नाही.

तो प्रश्न माझ्या अर्जात नव्हताच. तो कुणाचा होता, हे सांगायला मला नोंदीची गरज नव्हती.

मला कळलं आणि मी काही केलं नाही. त्या दिवशीही साधं पान लावता आलं असतं. पण मग साहेबांनी विचारलं असतं, हे आता का? आणि त्यामागून डेमो निघाला असता, चिपळूण निघालं असतं, खणातला कागद निघाला असता. गप्प राहिलं तर मास्तर काम चालवत होते आणि नाव माझं होत होतं. इतकं सरळ होतं ते.

मग ट्रस्टमध्ये कुजबुज सुरू झाली, की दलाल घुसलेत, खोल्या अडवून विकतायत. साहेबांनी स्वतः नोंद बघितली. "एकाच ठिकाणाहून रोज वीस अर्ज? हाच तो दलाल! बंद कर त्याला."

"सर, कदाचित कुणी लोकांना मदत..."

"कोण करतं रे फुकट मदत? तू ओळखतोस का?"

"नाही, सर," मी म्हणालो. आणि तासाभरात नियम बसवला. एका कनेक्शनवरून दिवसाला एकच अर्ज.

दुसऱ्या दिवशी नोंदीत त्या कनेक्शनवरून एक अर्ज होता. त्यानंतर पाऊण तासाने दुसऱ्या कनेक्शनवरून एक. पुन्हा पाऊण तासाने तिसऱ्यावरून. प्रत्येकाच्या शेवटी जिना. रोज सकाळी नऊपासून दुपारपर्यंत, आठ कनेक्शन, आठ अर्ज. मी ते आकडे बघत बसलो आणि माझ्या लक्षात आलं की मी एका माणसाला चालताना बघतोय. एका कॅफेतून दुसऱ्या कॅफेत.

तो नियम काढायला एक ओळ पुसावी लागली असती. मी ती पुसली नाही. त्याऐवजी एका सकाळी त्यांना शोधत निघालो. काय बोलणार होतो, ते आजही सांगता येणार नाही. लालबागची दोन कॅफे पाहिली, तिथे नव्हते. चिंचपोकळी स्टेशनच्या रस्त्यावर एका चाळीच्या तळमजल्यावर कॅफे होतं, त्याच्या दारातून मास्तर बाहेर पडत होते. काखेत हिरव्या पट्ट्यांच्या कागदांची चवड. बारीक झाले होते.

"अरे! तू इकडे कुठे?" ते खरंच खूश झाले. "चहा घेणार?"

मी नको म्हटलं. ते आपण होऊनच सांगू लागले. चिपळूणचा तो कॅफेवाला रोज संध्याकाळी त्यांना फोन करायचा. त्याच्याकडे लोक येत, पान उघडत नसे, मग तो नावं-गावं लिहून घेई आणि फोनवर मास्तरांना वाचून दाखवी. आता खेड-गुहागरहूनही माणसं त्याच्याकडेच पाठवत होते. "साधं पान लावायला तुला वेळ नसेल झाला," मास्तर म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. "साहेब दुसऱ्या कामाला लावत असतील. मला माहितीये ना."

"मास्तर, तो एका अर्जाचा नियम..."

"तूच घातलास ना? बरोबर केलंस. दलाल येतातच अशा ठिकाणी. मी असतो तर मीसुद्धा घातला असता." आणि हसून गुडघ्यावर थाप मारली. "हे तेवढे कुरकुर करतात. लालबाग, मग हे, मग शिवडी, भोईवाडा, पार शीवपर्यंत जातो. आठ होतात दिवसाला. बाकीचे उद्यावर."

"कुणाचा आधी, ते कसं ठरवता?" मी विचारलं.

"जिना न चढणारे आधी," मास्तर म्हणाले. "तळमजल्याच्या खोल्या लवकर संपतात."

मग त्यांनी चवड चाळली. त्या दिवशी शिवडीचं कॅफे बंद होतं आणि एक अर्ज शिल्लक राहत होता. "तुझ्या ऑफिसातून आज कुणी भरला नसेल ना? मग हा एक तू भर. हिची गुरुवारी हॉस्पिटलची तारीख आहे." त्यांनी कागद फाडून माझ्या हातात दिला. सुलभा, वय चौतीस, गुहागर तालुका. जिना चढू शकत नाही. बरोबर नवरा. मग त्यांनी आपली यादी काढली आणि माझ्यासमोर त्या नावावर पेन्सिलीने रेघ मारली. "चला, एक कमी झालं," म्हणाले, आणि भोईवाड्याच्या दिशेने चालू लागले.

ऑफिसात मी तो अर्ज भरला नाही. साहेब रोज नोंद बघत होते. आमच्याच ऑफिसातून कोकणातला अर्ज गेलेला दिसला असता, शेवटी जिन्याचं वाक्य, तर मी काय सांगितलं असतं? म्हटलं, संध्याकाळी गिरगावातून भरू. आमच्या चाळीसमोरच कॅफे होतं. तिथे बसलो, माझं पान उघडलं आणि राखाडी चौकोन आला. मी वाट पाहिली. राखाडी चौकोन. ऑफिसबाहेर बसून मी माझं पान आयुष्यात पहिल्यांदा उघडत होतो. मास्तरांना एकेका अर्जाला पाऊण तास का लागतो, ते मला तिथे कळलं. चाळीतले दोघं मित्र बाहेरून हाका मारत होते, क्रिकेटची मॅच चालू होती. वीस मिनिटांनी मी उठलो. उद्या करू, म्हटलं.

उद्या मी काही तरी कारण काढलं. कुठलं, ते आठवत नाही.

बुधवारी दुपारी साहेब बाहेर गेले तेव्हा मी दार लावून घेतलं, कागद समोर ठेवला आणि ऑफिसच्याच मशीनवर बसलो. नकाशा क्षणात उघडला. तळमजला सगळा लाल होता. वरचे तिन्ही मजलेही लाल. मी आळीपाळीने सगळ्या खोल्यांवर क्लिक करून पाहिलं, माझ्याच प्रोग्रॅममध्ये काही चूक असेल तर म्हणून. चूक नव्हती.

ती बाई गुरुवारी आली असेल. नवरा तिला धरून धर्मशाळेच्या दारापर्यंत घेऊन गेला असेल, आणि तिथून पुढे कुठे, ते मला माहीत नाही. मी बघायला गेलो नाही. मास्तरांना सांगायलाही गेलो नाही. त्यानंतर मी त्यांना कधी भेटलोच नाही. मी सांगितलं असतं तर त्यांनी तिच्यासाठी त्याच दिवशी सगळं परळ पालथं घातलं असतं. पण त्यांना काही करायचं कारणच नव्हतं. त्यांच्या यादीत तिचं काम झालेलं होतं.